आईची खोली, गच्ची आणि समोरचा टॉवर: लायसन्स कोण देतं आणि मोजतं कोण?

लोकमान्यनगरकर

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. तळमजला आणि वर तीन मजले अशी आमची इमारत आहे. शेजारच्या दुमजली घराच्या छतावर गेल्या महिन्यात मोबाइलचा टॉवर उभा राहिला. जाळीचा उंच मनोरा नाही, सहा मीटरचा लोखंडी खांब आहे आणि त्याच्या टोकाला तीन दिशांना तोंड करून तीन पांढऱ्या उभ्या पेट्या. आईची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी नेमकी त्याच बाजूला. दोन्ही भिंतींमधलं अंतर पावलांनी मोजलं, बारा मीटरच्या आसपास भरतं.

आईचं वय ७४. टॉवर लागला त्या दिवसापासून तिनं खिडकी उघडलेली नाही. पलंग आतल्या भिंतीला सरकवून घेतला. दुपारी खोली भट्टीसारखी तापते, पण ती ऐकत नाही. दिवसाचा बराच वेळ आता गच्चीवर काढते. पाण्याच्या टाकीजवळ सावली असते, तिथे खुर्ची टाकून बसते. चैत्रात कुरडयाही तिथेच घालायच्या म्हणते.

रहवासी संघाची बैठक झाली. निम्मे म्हणतात टॉवर हटवा, निम्मे म्हणतात आत्ता कुठे घरात फोन लागायला लागलाय. पार्षद, म्हणजे आमचे नगरसेवक, म्हणाले, नगर निगमची परवानगी आहे. कंपनीच्या माणसानं फाइल दाखवली आणि ‘सगळी लायसन्सं आहेत’ एवढं सांगून गेला.

माझा प्रश्न साधा आहे. लायसन्स आहे म्हणजे आमच्या खिडकीत किती रेडिएशन पोचतं हे कुणी मोजलेलं असतं का? मोजलं नसेल तर कुणाला सांगायचं? घाबरवणारे आणि ‘काही होत नाही’ म्हणणारे दोघांचेही व्हिडिओ पुष्कळ पाहिले. मला आकडा हवा आहे.

वाचक१२

वाचतेय. आमच्याकडेही स्कीम ७८मध्ये हाच वाद चालू आहे.

मध्यमलहरी

प्रश्न नेमका विचारलात. मी आयुष्यभर ट्रान्समीटरवर नोकरी केली, मीडियम वेव्हच्या मोठ्या रेडिओ केंद्रावर. रात्रपाळीत मास्टच्या, म्हणजे अँटेनाच्या उंच मनोऱ्याच्या, कुंपणाजवळ नुसती ट्यूबलाइट हातात धरली तरी उजळायची, तार नाही, होल्डर नाही. त्यामुळे ‘रेडिएशन डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे काहीच नसतं’ असं मी कधी म्हणणार नाही. आणि त्याच कुंपणाबाहेर पन्नास पावलांवर आमची क्वार्टर्स होती, मुलं तिथेच वाढली, हेही सांगतो. कुंपण कुठे घालायचं ते मोजून ठरवलेलं होतं.

आता तुमची गल्लत कुठे होतेय ते बघा. तुमची एकट्याची नाही, सगळ्यांचीच होते. लायसन्स आणि मर्यादा हे दोन वेगळे कागद आहेत.

लायसन्स सांगतं की कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, कुठून, किती शक्तीनं कुणी बोलायचं. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी नावाची शाखा १९५२पासून हे काम करते. खांब कुठे उभा करायचा याची मंजुरी ‘सॅक्फा’ नावाची समिती देते. ती बघते की विमानांच्या वाटेत तो येतो का, दुसऱ्या कुणाच्या सिग्नलमध्ये अडथळा करतो का. निगम बघतं ते इमारतीला खांबाचं वजन पेलवेल का. या तिन्ही कागदांत तुमच्या आईची खिडकी कुठेच नाही.

खिडकी येते चौथ्या कागदात. माणसाच्या अंगावर किती तीव्रता पडली तर चालेल, याची मर्यादा. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय मंडळानं १९९८ साली आकडे दिले. ९०० मेगाहर्ट्झला ४.५ वॅट प्रति चौरस मीटर, १८०० मेगाहर्ट्झला ९. आपल्याकडे २००८ साली मोबाइल कंपन्यांच्या परवान्यांत ही अट घातली गेली, आणि १ सप्टेंबर २०१२पासून सरकारनं ती दहापट कडक केली, म्हणजे ९००ला ०.४५ आणि १८००ला ०.९. (आकडे वेळोवेळी बदलू शकतात, तेव्हा अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेला आकडा सरकारी पोर्टलवर बघून घ्या.)

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. या लहरींचा जो परिणाम पक्का ठाऊक आहे तो शरीर तापण्याचा. सबंध शरीरात किलोमागे ४ वॅट शोषले गेले तर अंगाचं तापमान सुमारे एक अंशानं चढतं. ट्रान्समीटरवर काम करणाऱ्या माणसांसाठी त्याचा दहावा भाग धरला आणि जनतेसाठी पन्नासावा, म्हणजे किलोला ०.०८ वॅट. वॅट प्रति चौरस मीटरचा आकडा त्यावरून काढला आहे.

कंपनीला प्रत्येक टॉवरचं स्व-प्रमाणपत्र दूरसंचार विभागाच्या स्थानिक कार्यालयाला द्यावं लागतं, आणि ते कार्यालय त्यांतले काही टॉवर निवडून स्वतः तपासतं. मर्यादा मोडली तर एका बेस स्टेशनमागे (टॉवरवरच्या एका कंपनीच्या यंत्रणेमागे) १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

मध्यमलहरी

वरच्या प्रतिसादात एक राहिलं, आणि तेच महत्त्वाचं. तुम्ही खिडकीची काळजी करताय. मला काळजी गच्चीची वाटते.

कागदावर करून बघू. एका पॅनलला, म्हणजे त्या पांढऱ्या पेटीतल्या अँटेनाला, साधारण २० वॅट शक्ती जाते असं धरा. पॅनल ती चहूकडे उधळत नाही, टॉर्चसारखी एका झोतात गोळा करतं. झोताच्या मध्यावर ती पन्नासपट होते, म्हणजे समोर उभ्या माणसाला १००० वॅट चहूकडे सोडणाऱ्या दिव्यासमोर उभं राहिल्यासारखं. १२ मीटर त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्रफळ ४ × ३.१४ × १४४, म्हणजे १८१० चौरस मीटर. हजाराला अठराशे दहानं भागा: ०.५५ वॅट प्रति चौरस मीटर.

९०० मेगाहर्ट्झचं पॅनल असेल तर हा आकडा आपल्या २०१२च्या मर्यादेच्या वर जातो. जगाच्या ४.५च्या खूप आत आहे, पण आपल्याकडच्या ०.४५च्या बाहेर.

पण हा हिशोब अगदी झोतात उभ्या असलेल्या माणसाचा. हा झोत आडवा रुंद असतो आणि उभा फार चपटा, सहा-सात अंशांचा. दुमजली घर सात मीटर, वर सहा मीटर खांब, म्हणजे पॅनलचा मध्य जमिनीपासून साडेबारा मीटरवर. आईची खिडकी साडेसात मीटरवर असेल. बारा मीटरमागे पाच मीटर खाली, म्हणजे झोतापासून वीस-बावीस अंश हटून. तिथे शंभरावा हिस्सा पोचला तरी पुष्कळ. ०.००५च्या आसपास.

गच्चीची फरशी मात्र बारा मीटरवर. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं बरोबर पॅनलच्या उंचीला येतं.

तेव्हा आधी एक करा. गच्चीवर जाऊन बघा, तिन्हींतल्या एखाद्या पॅनलचं तोंड टाकीकडे आहे का. असेल तर मोजणी होईपर्यंत आईंना खुशाल खोलीत बसू द्या, खिडकी उघडून. गच्चीवर त्या कोपऱ्यात नको.

लोकमान्यनगरकर

काका, हे वाचून सरळ वर गेलो. एक पॅनल टाकीकडेच तोंड करून आहे. ती ज्या खुर्चीत बसते तिथून पॅनलमागच्या काळ्या केबली दिसत नाहीत, फक्त समोरचा पांढरा पत्रा दिसतो. मी इतके दिवस तिला म्हणत होतो, खोलीत कोंडून घेऊ नको, वर मोकळ्या हवेत बस.

खुर्ची खाली आणली. आईला सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली, मग तुमचा हिशोब वहीत उतरवून घेतला. शाळेत गणित शिकवायची ती.

सुदामानगरवाली

मला या आकड्यांनी धीर येत नाही, स्पष्टच लिहिते. माझ्या धाकट्या जावेला तीन वर्षांपूर्वी मेंदूत गाठ निघाली. त्यांच्या घरासमोर टॉवर होता. जागतिक आरोग्य संघटनेनंच कॅन्सरच्या यादीत टाकलंय ना हे? मग मर्यादेच्या आत असलं तरी काय?

नाडीपरीक्षा

ताई, तुमच्या जाऊबाईंबद्दल वाचून वाईट वाटलं. आता कशा आहेत त्या?

मी डॉक्टर आहे, याच शहरात. तुम्ही म्हणता ती यादी खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था, आयएआरसी, हिनं मे २०११मध्ये रेडिओ लहरींना ‘२ ब’ गटात घातलं. त्या गटाचा अर्थ ‘कदाचित कारण असू शकेल, पुरावा मर्यादित आहे’ असा होतो. धोका किती मोठा, हे तो गट सांगत नाही. पुरावा किती भक्कम, एवढंच सांगतो. आणि तो मर्यादित पुरावा मुख्यतः मोबाइल फार वापरणाऱ्या लोकांचा होता, फोन कानाला लावून वर्षानुवर्षं बोलणाऱ्यांचा. समोरच्या टॉवरचा नव्हे.

जाऊबाईंची गाठ कशामुळे झाली हे कुणीच सांगू शकणार नाही, मीही नाही. एवढं मात्र सांगते की घर तिथे घेतलं म्हणून त्यांनी किंवा घरच्यांनी स्वतःला दोष लावून घेऊ नये. माझ्याकडे येणारे कितीतरी लोक हे ओझं घेऊन येतात.

फोनच्या बाबतीत एक गोष्ट हातात आहे. सिग्नल जितका कमजोर, तितका फोन जास्त जोर लावतो, आणि तो जोर कानाला चिकटून असतो. लिफ्टमध्ये, तळघरात लांब बोलणं टाळा, नाहीतर इअरफोन लावा. आपल्याकडे फोनसाठी १ ग्रॅम पेशींमागे किलोला १.६ वॅटची मर्यादा आहे. डायल पॅडवर *#०७# दाबलं की बहुतेक फोन आपला आकडा दाखवतात.

सुदामानगरवाली

आता बरी आहे ती, चालते-फिरते. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. तुमचं वाक्य तिला वाचून दाखवते.

लीड्सवासी

मूळचा रामबागेतला, आता इंग्लंडात. इथली पद्धत सांगतो, काकांच्या दोन कागदांच्या मुद्द्याला धरून. २०२१ साली ऑफकॉमनं, म्हणजे इथल्या नियामकानं, हे दोन कागद एकत्र केले. झोतातली शक्ती १० वॅटपेक्षा जास्त असेल त्या प्रत्येक लायसन्समध्येच अट घातली की जनतेच्या मर्यादेत राहणं ही लायसन्सधारकाची जबाबदारी, आणि हिशोब लिहून ठेवायचा. टॉवरवाल्यांपासून हौशी रेडिओवाल्यांपर्यंत सगळ्यांना ती लागू आहे. अमेरिकेतही त्याच वर्षी हौशी मंडळींना या हिशोबातून असलेली सरसकट सूट काढून घेतली. हिशोबाचा कागद माझ्याच घरात आहे, म्हणून पक्कं सांगू शकतो.

उघडी_तार

लीड्सवासी, मीही हौशी, इथे इंदुरात. आपल्याकडे हौशी परवान्यासाठी परीक्षा असते, वय किमान १२. दोन वर्ग आहेत: रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स. वीस वर्षांचं शुल्क १००० रुपये. मी जनरल केलं, मोर्स शिकायला एक पावसाळा गेला. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांवर सराव केलाय.

माझाही अनुभव या धाग्यात बसेल. गच्चीवर अँटेनाची तार ताणली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली की त्यांना झोप लागत नाही. मी रागावलो होतो, कारण तेव्हा माझा सेट दुरुस्तीला गेला होता, महिनाभर तारेत काहीच जात नव्हतं. पण राग काढून काय मिळणार. त्यांना बोलावलं, नोंदवही दाखवली, त्यातला कोरा महिना दाखवला. मग त्यांच्यासमोर बसून हिशोब केला. १०० वॅट, १४ मेगाहर्ट्झ, तारेपासून त्यांची बाल्कनी १० मीटर. उत्तर ०.१३ वॅट प्रति चौरस मीटर. जमिनीवरून उलटून येणाऱ्या लहरी धरून चौपट केलं तरी ०.५२, आणि फ्रिक्वेन्सीच्या या पट्ट्यातली आंतरराष्ट्रीय मर्यादा २. शिवाय मी सलग बोलत नाही, जास्त वेळ ऐकतच असतो.

तो कागद त्यांनी मागून घेतला. फ्रिजवर चुंबकानं लावलाय. आता माझी तार वाऱ्यानं सैल झाली की त्याच आधी सांगतात.

गेरवाला

उघडी_तार भाऊ, थोडं विषयांतर. रंगपंचमीच्या गेरसाठी, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीसाठी, मंडळानं ऑनलाइन वॉकीटॉकी मागवलेत, स्वयंसेवकांना द्यायला. चालतील का?

उघडी_तार

डब्यावर फ्रिक्वेन्सी बघा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या कमी शक्तीच्या सेटना २०१८च्या नियमांनुसार लायसन्स लागत नाही. स्वस्तात मिळणारे बरेचसे सेट मात्र सगळीकडे बोलू शकतात, पोलिसांच्या आणि रुग्णवाहिकांच्या पट्ट्यांतही. गेरच्या गर्दीत कुणाला राजवाड्यापाशी चक्कर आली आणि तुमच्या सेटनं रुग्णवाहिकेचा संदेश दाबला, तर? परत करा. याच प्रकाराबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५मध्ये ऑनलाइन दुकानांसाठी नियम काढले आहेत.

कापडवाला

लिहू की नको असं चाललं होतं, पण कुणाच्या तरी कामी येईल. माझं दुकान राजवाड्याजवळ, माल तळघरात. खाली फोन लागत नसे, म्हणून एका ओळखीच्या माणसाकडून सिग्नल बूस्टर बसवून घेतला. वर एक अँटेना, खाली एक. आठ महिने झकास चाललं.

मग एक दिवस तीन माणसं आली, एकाच्या हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना. गल्लीत सगळ्यांचे फोन मधेच तुटत होते, कंपनीनं तक्रार केली होती, आणि ते माझ्याच दारात येऊन थांबले. त्यांनी मला नीट समजावलं. माझी पेटी टॉवरच्या कानात सतत ओरडत होती, त्यामुळे टॉवरला बाकीच्यांचे फोन ऐकूच येत नव्हते. असा बूस्टर खाजगी माणसानं लावणं, विकणं, दोन्ही बेकायदा आहे. ते मला ठाऊक नव्हतं, विकणाऱ्याला असणारच.

मला लाज वाटली ती शेजारच्या औषधाच्या दुकानाची. आठ महिने त्यांचे फोन कटत होते आणि आम्ही दोघं मिळून कंपनीला नावं ठेवत होतो. आता तळघरात वाय-फायवरून कॉल करतो. त्याला लायसन्स लागत नाही.

मध्यमलहरी

कापडवाला, बरं झालं लिहिलंत. शहरात टॉवरच्या नावानं जितकं बोललं जातं त्याचा शंभरावा भागही या बूस्टरच्या पेट्यांबद्दल कुणी बोलत नाही. टॉवरला निदान मालक आहे, कागद आहे, दंड आहे. पेटीला यातलं काहीच नाही.

लोकमान्यनगरकर, मोजणीचं काय झालं? ‘तरंग संचार’ नावाचं सरकारी पोर्टल २०१७पासून आहे. तिथे नकाशावर आपला टॉवर शोधता येतो आणि ४००० रुपये भरून आपल्या जागी मोजणी मागता येते. अर्जात ‘दुसरा मजला, खोली’ आणि ‘गच्ची, टाकीजवळ’ अशा दोन्ही जागा लिहा. नाहीतर खाली गेटपाशी मोजून जातील.

लोकमान्यनगरकर

सहा आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला. घडलं ते क्रमानं सांगतो.

४००० रुपये आम्ही आठ घरांनी वाटून भरले. हटवा म्हणणारे चार आणि राहू द्या म्हणणारे चार. एवढ्या एका गोष्टीवर बैठकीत एकमत झालं, कारण आकडा दोघांनाही हवा होता.

मोजणीला दोघं आले. तिपाईवर पांढरा गोळ्यासारखा अँटेना, त्याला जोडलेलं यंत्र. आधी आईच्या खोलीत लावलं. सहा-सहा मिनिटं थांबत होते. यंत्र प्रत्येक पट्ट्याचं त्याच्या मर्यादेशी गुणोत्तर काढतं आणि सगळी मिळवतं. बेरीज १च्या आत हवी. आईनं चष्मा लावून स्वतः वाचलं: ०.०२. तिनं विचारलं, ‘म्हणजे शंभरात दोन?’ ते हो म्हणाले.

मग गच्चीवर. टाकीजवळ, जिथे खुर्ची असायची तिथे तिपाई ठेवली. ०.७४.

मर्यादेच्या आत आहे, हे त्यांनी सांगितलं आणि अहवालातही तेच आलं. पण त्यांतल्या एकानं पॅनलकडे बघून सांगितलं की एका अँटेनाच्या अगदी समोर, त्याच उंचीला इमारत असेल तर दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शनात २० मीटर अंतर सांगितलंय. आमचं बाराच आहे. हा मुद्दा आणि काकांचा हिशोब, दोन्ही जोडून रहवासी संघानं कंपनीला पत्र दिलं, प्रत स्थानिक कार्यालयाला. ‘टॉवर हटवा’ असं लिहिलं नाही. ‘झोत आमच्या गच्चीवरून हलवा’ असं लिहिलं.

तीन आठवडे काही नाही. मग एका सकाळी दोन मुलं दोर घेऊन खांबावर चढली. खांबाला वर दोन मीटरचा तुकडा जोडला आणि तिन्ही पॅनलं साठ अंश फिरवली. आता आमची इमारत दोन पॅनलांच्या मधल्या भागात येते. बदल केल्यावर कंपनीला स्व-प्रमाणपत्र पुन्हा द्यावं लागतं, त्याची प्रत आम्ही मागितली आहे. फोन पूर्वीसारखेच लागतात.

मध्यमलहरी

साठ अंश फिरवणं योग्य केलं. एकटा खांब वाढवून फार फरक पडला नसता, दोन्ही मिळून पडेल. माझ्या अंदाजानं गच्चीवरचा आकडा दहाव्या हिश्श्यावर यावा. पण अंदाज तो अंदाज. परत मोजून घ्या.

लोकमान्यनगरकर

हो काका, पुन्हा ४००० भरले, या वेळी बारा घरांनी. १४ तारखेला येणार आहेत. आईचा पलंग परत खिडकीखाली आलाय, पडदासुद्धा काढून टाकला तिनं. कुरडया मात्र यंदा मावशीच्या गच्चीवर राजेंद्र नगरला वाळताहेत. चौदाचा आकडा आला की इथेच लिहितो.